नानांचे फिरणे थांबवू नका, त्यांचे घड्याळ हलवा

प्रश्न : आम्ही मुंबईच्या पूर्व उपनगरात, द्रुतगती महामार्गापासून हाकेच्या अंतरावर राहतो. माझे सासरे (आम्ही त्यांना नाना म्हणतो) ७१ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. सिगारेट सुटून १५ वर्षे झाली, तरी छातीच्या डॉक्टरांनी सीओपीडीचे (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचे) निदान करून पंप (श्वासावाटे औषध घेण्याचे साधन) दिला आहे. पंपाची सवय लागते असे म्हणून तो ते फारच त्रास झाला तरच घेतात. गेली ३० वर्षे ते पहाटे पाच वाजता फिरायला जातात. पावसाळ्यात ठीक असतात, पण डिसेंबर लागला की दम लागतो. यंदा तर परत येताना दोनदा थांबावे लागते. शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास चालू असल्याने घरभर धूळ असते. हृदयाचे डॉक्टर म्हणतात हृदय ठीक आहे, छातीचे डॉक्टर म्हणतात हवा खराब आहे. नानांचे म्हणणे असे, की पहाटेची हवा शुद्ध असते आणि फिरणे सोडले तर मी अंथरूण धरीन. त्यांचे फिरणे बंद करावे का? हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यावे का? शेजारच्या काकू वाफ आणि गूळ सुचवतात, त्याचा उपयोग होतो का?

उत्तर : ताई, नमस्कार. नानांना न तपासता हे लिहितो आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. पुढे औषधांविषयी जे येईल ते त्यांच्या डॉक्टरांशी बोलण्यासाठी आहे, घरच्या घरी बदल करण्यासाठी नाही. मात्र आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी निःशंकपणे देऊ शकतो. नानांचे फिरणे बंद करू नका. सीओपीडी असलेल्या माणसाचे चालणे सुटले, की पायांचे स्नायू अशक्त होतात, अशक्त स्नायूंना तेवढ्याच कामासाठी अधिक प्राणवायू लागतो, त्यामुळे दम आणखी लवकर लागतो आणि दमाच्या भीतीने माणूस आणखी कमी चालतो. हृदयालाही नेमाच्या चालण्याची तितकीच गरज असते. ‘अंथरूण धरीन’ हे नानांचे वाक्य म्हणूनच हट्टाचे नाही, ते वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे. त्यांची चूक होते आहे ती वेळेची.

पहाटेची हवा शुद्ध असते हा समज आमच्या पिढीत फार खोल रुजलेला आहे, आणि ज्यांचे बालपण वाहने नसलेल्या गावात गेले त्यांच्यापुरता तो खोटाही नव्हता. मुंबईच्या हिवाळ्यात मात्र गणित उलटते. रात्री जमीन लवकर निवते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. भूगोलाच्या पुस्तकात यालाच तापमानाची विपरीतता म्हटलेले असते. एरवी वर जाऊन विरणारा धूर अशा रात्री या थराखालीच अडकून राहतो. त्यात वाऱ्याचीही साथ नसते, कारण रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा मंद असतो आणि समुद्रावरून येणारे खारे वारे डिसेंबर-जानेवारीत बहुधा दुपारच्या सुमारासच जोर धरतात. आपण एकदा नानांबरोबर पहाटे खाली उतरून पाहा. सोसायटीच्या फाटकाशी रखवालदाराने पेटवलेल्या शेकोटीचा धूर सरळ वर चढत नाही, तो पुरुषभर उंचीवर जाऊन वळतो आणि रस्त्याच्या दिव्याखाली आडव्या पट्ट्यासारखा तरंगत राहतो. नाना रोज त्या पट्ट्यातून चालत जातात, आणि रात्रभर महामार्गावरून गेलेल्या अवजड वाहनांचा धूरही तिथेच, डोळ्यांना न दिसता, साचलेला असतो.

पावसाळ्यात ते ठीक असतात असे आपण लिहिले आहे, ते याच्याशी जुळते. पाऊस हवेतले कण धुऊन खाली आणतो आणि नैर्ऋत्येचा जोरदार वारा उरलेले उडवून नेतो. माणूस तोच, रस्ता तोच, वेळही तीच, आणि तरी जुलैत न लागणारा दम डिसेंबरमध्ये लागतो, ही नोंद दोन्ही डॉक्टरांना आवर्जून सांगण्यासारखी आहे.

ज्या कणांची सर्वांत जास्त काळजी करायची त्यांना पीएम २.५ म्हणतात, म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो, यावरून त्यांच्या आकाराची कल्पना येईल. भारतीय मानकानुसार २४ तासांच्या सरासरीत हे कण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावेत, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ वर आणली. म्हणजे आपल्याकडे ‘मर्यादेत’ असलेली हवासुद्धा नानांसारख्या माणसाला निर्धोक असेलच असे नाही. मोबाइलवर हवेचा निर्देशांक पाहताना आणखी एक मेख लक्षात ठेवावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निर्देशांक कणांच्या बाबतीत मागच्या २४ तासांच्या सरासरीवर काढलेला असतो, त्यामुळे तो १४० दिसत असताना पहाटेच्या एखाद्या तासातली हवा त्याहून पुष्कळ वाईट असू शकते. आपल्या घराजवळच्या केंद्राचे तासागणिक आकडे आठवडाभर पाहिलेत, तर दिवसातली कोणती वेळ बरी हे कोणी सांगावे लागणार नाही. नानांना पटवायलाही माझ्या पत्रापेक्षा तो आलेखच अधिक उपयोगी पडेल.

आता फुप्फुसात गेलेला धूर हृदयापर्यंत कसा पोहोचतो, कारण दोन डॉक्टरांच्या दोन उत्तरांमुळे आपल्या मनात जो गोंधळ झाला आहे त्याचे मूळ इथे आहे. मोठे कण नाकात आणि घशात अडकतात. बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत जातात आणि तिथे दाह निर्माण करतात. हा दाह फुप्फुसापुरता राहत नाही, त्यातली रसायने रक्तात उतरतात आणि अतिसूक्ष्म कण स्वतःही रक्तात शिरू शकतात. परिणामी रक्तवाहिन्या गरजेप्रमाणे सैल होण्याची क्षमता गमावतात, रक्तात गुठळी होण्याकडे कल वाढतो, आणि हृदयाची गती सांभाळणाऱ्या मज्जासंस्थेचा तोल ढळतो. थंडी याच दिशेने आणखी ढकलते, कारण गारठ्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो आणि हृदयाला वाढत्या दाबाविरुद्ध काम करावे लागते, तर गार कोरड्या हवेने श्वासनलिका आवळल्या जातात. सकाळच्या पहिल्या काही तासांत रक्तदाब तसाही चढत असतो आणि हृदयविकाराचे झटके याच वेळी अधिक येतात, हे जुने निरीक्षण आहे. अँजिओप्लास्टीने एका अरुंद जागेत स्टेंट (जाळीची बारीक नळी) बसवून रस्ता मोकळा केला जातो. बाकीच्या रक्तवाहिन्या नानांच्याच असतात आणि १५ वर्षांपूर्वीपर्यंतच्या सिगारेटींचा हिशेब त्यांच्या भिंतींवर असतोच.

चालताना हे सगळे वाढते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत घेतो, झपाट्याने चालताना हे प्रमाण तिप्पट-चौपट होते, आणि धाप लागली की तो तोंडाने श्वास घेऊ लागतो, म्हणजे नाकाची गाळणीही बाजूला पडते. नेमक्या याच प्रश्नावर लंडनमध्ये झालेला एक प्रयोग २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ६० वर्षांवरच्या ११९ जणांना, ज्यांत काही निरोगी, काही सीओपीडीचे आणि काही हृदयविकाराचे रुग्ण होते, एकदा हाइड पार्क या बागेत आणि एकदा डिझेलच्या बस व टॅक्सींनी गजबजलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दोन-दोन तास चालवण्यात आले. बागेत चालल्यावर फुप्फुसाची क्षमता सुधारली आणि रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला, तर रस्त्यावर चालल्यावर हा फायदा बराचसा पुसला गेला. पावले तितकीच, घाम तितकाच, आणि पदरात पडले ते वेगळे. मला या प्रयोगात आणखी एक गोष्ट मोलाची वाटते : हृदयाची औषधे नियमित घेणाऱ्यांना प्रदूषणाचा त्रास काहीसा कमी झाल्याचे त्यात दिसले. गोळ्या चुकवू नयेत याचे हे आणखी एक कारण.

तेव्हा नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत नानांनी दुपारी चार ते साडेपाच या वेळेत फिरावे. त्या वेळी जमीन तापलेली असते, हवेचा वरचा थर उचललेला असतो, खारे वारे आलेले असतात आणि संध्याकाळची वाहनांची गर्दी सुरू व्हायची असते. महामार्गाला समांतर रस्ता टाळून, दोन गल्ल्या आत का होईना, झाडे असलेल्या बाजूने जावे. वाहनांच्या धुराची तीव्रता रस्त्यापासून शंभर-दोनशे मीटर आत गेल्यावर बरीच उतरते. पहिली दहा मिनिटे सावकाश, मग बोलता येईल इतपत वेगात. वाक्य पूर्ण करताना श्वास तुटत असेल तर वेग जास्त झाला असे समजावे. निर्देशांक २०० च्या वर गेलेल्या दिवशी, म्हणजे ‘वाईट’ वर्ग लागला की, घरातल्या घरात, नाहीतर एखाद्या मोठ्या दुकानाच्या वातानुकूलित दालनात फेऱ्या माराव्यात. कोणाला गंमत वाटेल, पण माझे काही रुग्ण मॉलमध्ये नेमाने फिरतात आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्यापेक्षा तिथल्या सुरक्षारक्षकांशी त्यांची अधिक ओळख झाली आहे.

खरी अडचण वेगळीच असते. ३० वर्षे पहाटे पाचला निघणाऱ्या माणसाला तिथे चार सोबती भेटतात आणि वेळ बदलली की ती बैठक तुटते. ती मंडळीही साधारण याच वयाची असणार. शक्य असेल तर नाना एकट्याची वेळ न बदलता सगळ्यांनीच हिवाळ्यापुरती बदलावी, म्हणजे कोणालाच शिक्षा वाटणार नाही.

आता ज्या ठिकाणी मला खरी काळजी वाटते तिथे येतो. आपण लिहिता, नानांना ‘दम लागतो’. मराठीत दमा आणि दम हे शब्द इतके शेजारी बसलेले आहेत, की दम लागला म्हटल्यावर घरातले सगळे फुप्फुसाकडेच बोट दाखवतात. पण हृदयाकडे रक्त कमी पोहोचत असेल तरी चालताना दम लागू शकतो, विशेषतः वयस्कर माणसांत, आणि छातीत दुखलेच पाहिजे असे नाही. हृदयाची पंप करण्याची ताकद कमी झाली असेल तरीही दमच लागतो. ‘हृदय ठीक आहे’ हे डॉक्टरांनी कशावरून आणि केव्हा सांगितले हे म्हणूनच विचारा. विश्रांतीच्या वेळी काढलेला ईसीजी नीट असणे आणि यंदाच्या तक्रारीनंतर केलेली इको तपासणी (हृदयाची सोनोग्राफी) नीट असणे यांत अंतर आहे. गेल्या वर्षी न थांबणारा माणूस यंदा दोनदा थांबतो, हा बदल आहे, आणि बदलाला हवेवर ढकलण्याआधी तपासणी झाली पाहिजे.

त्यासाठी दोन आठवडे एका वहीत रोज चार गोष्टी लिहाव्यात : सकाळी लघवी झाल्यावर आणि खाण्याआधी केलेले वजन, किती पावलांवर किंवा कोणत्या खांबापाशी थांबावे लागले, थांबल्यावर किती मिनिटांत बरे वाटले, आणि त्या तासाचा हवेचा आकडा. खराब हवेच्या दिवशी खोकला व घरघर वाढते आणि पंपाने उतरते, असे दिसले तर कल फुप्फुसाकडे आहे. हवा बरी असूनही त्याच चढावर नेमके तिथेच थांबावे लागते आणि दोन-तीन मिनिटे उभे राहिल्यावर ओसरते, असे दिसले तर हृदयाच्या डॉक्टरांकडे लगेच जा. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वजन वाढणे, संध्याकाळी मोज्याची खूण पायावर खोल उमटणे, उशीला उशी लावल्याशिवाय झोप न येणे किंवा रात्री गुदमरून उठून बसावे लागणे, यांपैकी काहीही असेल तर वही पूर्ण होण्याची वाट पाहू नये. छातीवर दडपण, घाम फुटणे, जबडा किंवा डावा हात भरून येणे, बोलता न येण्याइतका दम, ओठ निळसर होणे, ही तर सरळ १०८ ला फोन करण्याची लक्षणे आहेत, मग पहाटेचे चार वाजलेले असोत.

ही वही दोन्ही डॉक्टरांना दाखवा आणि दोघांच्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत न्या. आपल्याकडे हृदयाची फाइल वेगळी आणि छातीची वेगळी असते, आणि एकाने काय दिले ते दुसऱ्याला रुग्णाच्या आठवणीतून कळते. अँजिओप्लास्टीनंतर बऱ्याच जणांना बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणाऱ्या) गटातली गोळी असते. त्यांतल्या काही गोळ्या श्वासनलिका आवळू शकतात, तर हृदयावरच मुख्यतः काम करणाऱ्या काही गोळ्या सीओपीडीत सहसा चालतात. उलट पंपातल्या काही औषधांनी छातीत धडधड वाढते. हे ऐकून गोळी किंवा पंप स्वतःच्या मनाने बंद करणे फार धोक्याचे आहे, म्हणून दोघांनी एकमेकांची औषधे पाहून निर्णय घ्यावा, एवढेच माझे म्हणणे.

पंपाची सवय लागत नाही. चष्म्याची लागते तितकीच लागते. सीओपीडीत साधारणतः एक पंप रोज, त्रास असो वा नसो, घ्यायचा असतो आणि दुसरा अडचणीच्या वेळी लगेच आराम देणारा असतो. नानांकडे नेमका कोणता आहे आणि तो रोजचा तर नाही ना, हे आधी पाहा. मी माझ्या दवाखान्यात रुग्णाला समोर पंप घेऊन दाखवायला सांगतो, तेव्हा बहुतेकांचे औषध जिभेवर बसलेले असते. कळ दाबणे आणि श्वास ओढणे यांचा मेळ वयोमानाने बसत नाही. स्पेसर नावाची प्लास्टिकची नळी लावली की ही अडचण बरीच सुटते. पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरावी.

घरातल्या धुळीबद्दल. पाडकाम-बांधकामाची धूळ बरीचशी जाड कणांची असते. तिने खोकला, शिंका आणि श्वासनलिकांचा त्रास होतो, तरी हृदयाच्या दृष्टीने महामार्गाचा धूर अधिक घातक. बांधकामाच्या बाजूच्या खिडक्या काम चालू असताना बंद ठेवा, दुसऱ्या बाजूच्या दुपारी उघडा आणि सगळ्याच रात्रीपासून सकाळी दहापर्यंत लावून घ्या. झाडू मारल्याने धूळ पुन्हा हवेत जाते, म्हणून आधी ओल्या फडक्याने पुसावे. मुंबई महानगरपालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी धूळनियंत्रणाचे नियम काढले, ज्यांत भोवती उंच पत्रे, इमारतीला हिरवे कापड किंवा ताडपत्री, पाण्याची फवारणी आणि राडारोडा झाकून नेणे यांचा समावेश आहे. पलीकडे यांतले काय दिसत नाही त्याचे फोटो काढून १९१६ या क्रमांकावर तक्रार करा, आणि सोसायटीच्या लेटरहेडवर केलीत तर अधिक बरे.

यंत्र घ्यायचे असेल तर ते नानांच्या झोपायच्या खोलीपुरते, खोलीच्या आकाराला पुरेल असे, हेपा गाळणीचे (अतिशय बारीक कणही अडवणाऱ्या गाळणीचे) घ्यावे आणि दारे-खिडक्या लावून रात्रभर चालवावे. आयन सोडणारी यंत्रे टाळा, त्यांतून ओझोन निघू शकतो आणि तो श्वासनलिकांना त्रासदायकच असतो. पण त्याआधी फुकटातले करा. देवघरातली अगरबत्ती आणि धूप, रात्री पलंगाखाली ठेवलेली डासांची कॉइल, आणि एक्झॉस्ट पंखा न लावता दिलेली मिरचीची फोडणी, हे चालू ठेवून यंत्र विकत घेणे म्हणजे गळक्या माठाखाली चांदीचे भांडे ठेवण्यासारखे आहे. कॉइलऐवजी मच्छरदाणी, एवढा एक बदल जरी केलात तरी त्या खोलीची हवा सुधारेल.

मास्क वापरायचा तर एन ९५ आणि कडेने हवा न शिरणारा. तो लावून चालताना नानांना गुदमरल्यासारखे वाटले तर लगेच काढावा, जबरदस्ती करू नये. गुळाने फुप्फुसे धुतली जात नाहीत, कारण गूळ अन्ननलिकेतून जातो आणि धूळ श्वासनलिकेत असते. काकूंचे मन राखायला एखादा खडा खाल्ला तर चालेल, मधुमेह नसेल तर. वाफेने चोंदलेले नाक मोकळे होते, त्यापलीकडे काही नाही, आणि उकळते पातेले उलटून भाजलेली म्हातारी माणसे मी पाहिली आहेत. त्यापेक्षा फ्लूची वार्षिक लस आणि न्यूमोनियाची लस झाली आहे का, हे विचारून घ्या. प्रदूषणाने दुखावलेल्या श्वासनलिकांवर संसर्ग लवकर बसतो आणि सीओपीडीचा जोर वाढण्याचे ते मोठे कारण असते.

मार्च संपत आला, की हे वेळापत्रक पुन्हा फिरवावे लागेल. उन्हाळ्यात दुपारचे कडक ऊन वाहनांच्या धुरातल्या वायूंपासून जमिनीलगत ओझोन तयार करते, आणि उष्म्यात घाम व त्वचेकडे वळलेले रक्त यांमुळे हृदयाचे काम वाढते. तेव्हा एप्रिल-मेमध्ये नानांनी सकाळी साडेसहाच्या सुमारास फिरून यावे. त्यांना लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात पाणी किती प्यावे आणि गोळीचे प्रमाण तेच ठेवावे का, हे मार्चच्या भेटीतच हृदयाच्या डॉक्टरांना विचारून वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.